कप्तानाचं बोचकं

‘डोळ्याला नगं, हाताला गावलं पायजे.’

हे त्याचं वाक्य. बोलताना तो आधी डोळे मिटायचा, मग डावा हात मागं न्यायचा आणि अजिबात न चाचपडता होडीच्या मागच्या कोपऱ्यातल्या केशरी बोचक्याचा पट्टा धरायचा. पट्टा हाताशी आला की डोळे उघडून समोरच्याकडं पैज जिंकल्यासारखा बघायचा. समोर बहुतेक वेळा माझी बायको बसलेली असायची आणि ती कौतुकानं मान डोलवायची. मी काठावर उभा असायचो. माझ्या पोटात दुखायचं.

तुमच्याही आसपास असा एखादा माणूस असेल बघा. त्यानं आपलं काही वाकडं केलेलं नसतं, उलट चार कामं केलेली असतात, तरी त्याचं नाव निघालं की तोंडातला चहा कडू होतो. माझ्यासाठी हा तो होता. आता तो नाही. पण चहाची चव काही सुधारली नाही.

तो माझ्या सासरवाडीचा. ओझरच्या खालच्या अंगाला, धरणाच्या पलीकडच्या काठावर माझ्या बायकोचं माहेर आहे, त्याच वस्तीतला. उभं आयुष्य मालवाहू जहाजांवर काढून तो गावी परतला. द्राक्षबाग बघत बसेल, असं भावकीला वाटलं होतं. यानं लाकूड आणलं, सुतार बसवला आणि दारात एक शिडाची लहान होडी बांधून घेतली. जहाजावर होता म्हटल्यावर लोकांनी त्याला कप्तान करून टाकलं.

मी मात्र चौकशी केली. आळेफाट्याला जहाजावरचाच एक निवृत्त माणूस भेटला, त्यानं सांगितलं की हा तिथं आचारी होता. ही बातमी मी घरी इतक्या घाईनं घेऊन आलो की वाटेत दुकानाची किल्ली विसरलो.

‘अगं, कप्तान कसला! आचारी होता तो, आचारी!’

‘मला ठाव हाय,’ बायको म्हणाली. ‘दादाच्या हातचं जेवून बघा एकदा. तुमाला साधा चहा जमत न्हाई.’

ती त्याला दादा म्हणायची, तो तिला ताई म्हणायचा आणि त्या नात्यानं मी त्याचा दाजी. आता दाजीला मान असतो, हे तुम्हाला माहीत आहे. तो मान देण्यात त्यानं कधी कसूर केली नाही, हेही मला खुपायचं. भांडायला जागाच नव्हती.

आता माझी बाजू ऐका. त्या पाण्यावर पहिलं शीड माझं होतं. मी पिंपळवंडीत पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून देतो. पुण्याच्या एका क्लबानं मोडीत काढलेली फायबरची होडी मी टेम्पोत घालून आणली, तिचा तळ सांधला, शीड नवं शिवून घेतलं. हौस होतीच, पण खरं कारण दुसरं होतं. बायको दर संकष्टीला ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला जाते आणि तिथून माहेरी डोकावते. रस्त्यानं जायचं तर लांबचा वळसा, दोन गाड्या बदलायच्या, आणि परतताना अंधार पडला की उसाच्या कडेनं जीव मुठीत धरून चालायचं, कारण ऊस आहे तिथं बिबट्या आहे. पाण्यानं मात्र सरळ नाकासमोर ओझर. तिला माझ्या होडीत बसवून पलीकडं न्यायचं, माहेरच्या काठावर सगळ्यांसमोर हात धरून उतरवायचं, एवढंच माझं स्वप्न होतं.

पहिल्याच संकष्टीला ती नवी साडी नेसून काठावर आली. एक पाय होडीत टाकला आणि विचारलं, ‘बुडायला लागलो तर?’

मी तयारीत होतो. ‘जाकिटं आहेत की! दोन आणलीत, नवी कोरी.’

‘कुटंत?’

पुढच्या बाजूला झाकणाचा एक खण होता. त्यात मी जाकिटं ठेवली होती. ऊन लागून रंग उडू नये म्हणून त्यांच्यावरचं प्लास्टिक मी काढलं नव्हतं, आपण सोफ्यावरचं नाही का वर्षभर काढत, तसं. आणि काठावर कुणी हात मारू नये म्हणून खणाला चांगलं पितळी कुलूप लावलं होतं.

‘किल्ली?’

किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला होती. घरी.

तिनं होडीतला पाय उचलून काठावर घेतला. ‘किल्ली देवापाशी आन मी पाण्यात? मी आपली येष्टीनं जाते.’ मी किल्ली आणायला धावलो, परत येईस्तोवर ती फाट्यावर पोचलीसुद्धा होती. पुढं मी कुलूप काढलं, प्लास्टिक काढलं, गळ्यात शिट्टी अडकवून बसलो, पण गेलेला विश्वास परत येईना. नाना कारणं सांगून ती माझी होडी टाळू लागली.

आणि मग एका संकष्टीला संध्याकाळी मी काठावर पंपघरातली मोटार बघत होतो, तर पलीकडून एक अनोळखी शीड येताना दिसलं. होडी जवळ आली. तीत लाल जाकीट घातलेली एक बाई मांडीवर प्रसादाची टोपली घेऊन मजेत बसली होती. माझीच बायको!

‘दाजी, ताईंना सुकरूप आणलं बगा,’ कप्तान म्हणाला आणि हात धरून तिला उतरवलं. माझ्या काठावर, माझ्या डोळ्यांदेखत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणालो, ‘या, चहा घ्या.’ दुसरं काय म्हणणार?

त्या चहाच्या वेळी मी तिला बाजूला घेऊन विचारलं, त्याच्या होडीत बसताना भीती नाही वाटली का? ती म्हणाली, ‘त्याच्याकडं बोचकं हाय ना.’

तर हे बोचकं. एखाद्या गादीच्या वळकटीएवढं. आत घडी करून बसवलेली रबराची फुगती होडी आणि हवेचं नळकांडं. बोचक्यातून निघालेल्या दोरीचं टोक होडीला कायम पक्कं बांधलेलं. वेळ आली की पट्टा सोडायचा, बोचकं पाण्यात फेकायचं आणि मग दोरी हिसडायची. वर कनातीसारखं छप्पर असलेली गोल होडी आपोआप फुगून उभी राहते. बोचक्याला लागून एक तयार पिशवी. तिच्यात शिट्टी, बॅटरी, आरसा, पाण्याची बाटली, सुतळीला बांधलेली बोथट टोकाची सुरी आणि राजगिऱ्याच्या वड्या. राजगिऱ्याच्या वड्यांचं मला हसू यायचं. बुडणाऱ्याला कुठली भूक?

त्याची होडी म्हणजे स्वयंपाकघर होतं. ‘घरात लाइट गेली तर मिठाचा डबा हुडकायला बॅटरी लागती का ताई? न्हाई ना? तसं हे. संकट आलं की डोळं कामाचं न्हाई ऱ्हात. पानी जातं, झाकोळतं, भ्याव वाटतं. तवा डोळ्याला नगं, हाताला गावलं पायजे.’ आणि खरंच, त्याच्या होडीत वस्तूची जागा हलत नसे. बोचकं मागं डावीकडं, उघड्यावर. आत नाही, खाली नाही, कुलपात तर नाहीच. कुलपाचं तो माझ्याकडं न बघता म्हणायचा. म्हणजे हिनं सांगितलं होतं.

बोचक्यावर काही ठेवलेलं त्याला खपत नसे. एकदा बायकोनं नारळ आणि प्रसादाची टोपली सहज त्याच्यावर टेकवली. त्यानं ती दोन्ही हातांनी अदबीनं उचलून तिच्या मांडीवर ठेवली.

‘देवाचंच हाय की दादा,’ ती म्हणाली.

‘देव असला म्हनून काय झालं? याच्यावर काय ठेवायचं नसतं. देवाला मांडीवर घ्या, त्याला तितं बरं वाटंल.’

खंडेनवमीला लोक ट्रॅक्टरला, कोयत्याला, शिलाई मशीनला हळदकुंकू वाहतात. त्यानं बोचक्याला वाहिलं. झेंडूची माळ मात्र शिडाच्या काठीला घातली, कारण माळेत पट्टा अडकला तर? बायको म्हणाली, किती विचार करतो बघा. मीही त्या दिवशी माझ्या होडीची पूजा केली होती, एवढ्या माळा घातल्या होत्या की होडी दिसत नव्हती. ते कुणी बघितलं नाही.

पण खरी आग लागली ती डोळे मिटायच्या खेळानं. तो तिला होडीत बसवून डोळे मिटायला लावायचा. ‘शिट्टी?’ ती हात घालून शिट्टी काढायची. ‘सुरी?’ सुरी. ‘पट्टा?’ ती मागं हात टाकायची, पट्टा हाती यायचा आणि ती खळखळून हसायची. लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्यासमोर तिनं डोळे मिटले ते फक्त मी हिशेब चुकीचा सांगायला लागलो की. आणि इथं ती दुसऱ्याच्या होडीत डोळे मिटून हसत होती! तो तिचा दादा, ती त्याची ताई, सगळं मान्य. पण जळायला परवानगी थोडीच काढावी लागते?

मग मी ठरवलं. बोचकंच पाहिजे ना? मुंबईला जहाजाचं जुनं सामान विकणारे आहेत, तिथून मीही एक आणलं. त्याच्यापेक्षा मोठं. पण उघड्यावर ठेवलं तर लोक म्हणणार कप्तानाची नक्कल केली. म्हणून मी ते पुढच्या खणात आत कोंबलं आणि होडी हलली तरी सरकू नये म्हणून सुंभानं असं आवळलं, की बैलगाडीवरची ऊसमोळी बरी. मग बायकोला काठावर बोलावलं. पाण्यात एक फेरी मारत असलेला कप्तानही आपणहून जवळ आला, त्याला मी बोलावलं नव्हतं.

‘बघ,’ मी म्हणालो आणि बोचकं बाहेर काढायला हाताला आली ती दोरी जोरात ओढली.

बोचकं आलं नाही. दोरी आली. आत फुस्स असा मोठा आवाज झाला आणि केशरी रबर खणाच्या तोंडातून कणकेसारखं बाहेर येऊ लागलं. आधी झाकण उडालं, मग माझा एक पाय होडीच्या कडेला दाबला गेला, मग होडीच करकरायला लागली. पट्टा सोडावा तर सुंभाच्या गाठी आत. मी ओरडतोय आणि रबर फुगतंय. कप्तान आपल्या पिशवीतली सुरी घेऊन टुणकन उडी मारून आला आणि रबर दोन जागी चर्र करून कापलं. हवा माझ्या तोंडावर आली.

‘लागलं का दाजी?’

‘नाही.’

‘आदी भायेर टाकायचं, मंग वढायचं,’ तो हळू म्हणाला. हसला नाही. बायको मात्र काठावर बसकण मारून पदर तोंडात घालून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. त्याच्या न हसण्याचा मला जास्त राग आला.

तरी माझ्या मनात एक विचार कायम असायचा, तो सांगून टाकतो. कधीतरी त्याची होडी कलंडेल, त्याचं बोचकं फुगणार नाही, आणि मी माझी होडी घेऊन जाईन आणि तिला बाहेर काढीन. मग बघू दादा आणि ताई.

आणि होडी कलंडली. वैशाखातली संकष्टी होती. दुपारनंतर एकाएकी वावटळ उठली, पलीकडच्या उसावरून धुळीचा लोट पाण्यावर आला. मी पंपघरापाशी होतो, नेहमीसारखाच, मोटार बघायचं निमित्त करून. पाण्याच्या मध्यावर त्याचं शीड एका बाजूला झुकलं, पुन्हा उभं राहिलं आणि मग आडवंच झालं. दिसेनासं झालं.

त्या वेळी हेवाबिवा काही डोक्यात नव्हतं. मी माझी होडी लोटली, वल्ही हातात घेतली आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यात वल्हवत सुटलो. तिचं नाव घेऊन ओरडत होतो, ते वारा माझ्याच तोंडात परत कोंबत होता. विघ्नहराला काय काय कबूल केलं, ते सांगत नाही, अजून फेडतोय.

जवळ पोचलो तर पाण्यावर केशरी छपराची गोल होडी डुलत होती. छपराच्या दारात माझी बायको मांडी घालून बसली होती. केस ओले, मांडीवर नारळ, आणि राजगिऱ्याची वडी खात होती. शेजारी कप्तान भिजलेली टोपी पिळत बसला होता.

‘दाजी, तुमी कशाला तरास घेतला?’ तो म्हणाला. ‘वारा पडला की आमी आलोच असतो. वडी घ्या.’

तुम्हीच सांगा, यापरता अपमान कोणता? बुडत्या बायकोला वाचवणंसुद्धा यानं माझ्यासाठी शिल्लक ठेवलं नाही.

बायको माझ्याकडं टक लावून बघत होती. मला वाटलं, आता रडेल, हात पुढं करील. तिनं हातातली वडी खाली ठेवली. ‘तुमचं जाकीट कुटंय?’

मी खाली बघितलं. अंगात बनियन होतं. जाकिटं पंपघराच्या खुंटीवर होती.

‘पवता येतं का तुमाला?’ ती ओरडली. नाही येत. तिला माहीत होतं. ‘मला काय झालं असतं तर दादा व्हता. तुमाला काय झालं असतं म्हंजी?’ आणि आता ती रडायला लागली, बुडताना रडली नव्हती ती. कप्तानानं न बघता मागं हात टाकला, पिशवीपाशी बांधलेलं जादाचं जाकीट काढलं आणि माझ्याकडं फेकलं. मी ते घातलं. त्याच्याच होडीचं, त्याच्याच मापाचं, पोटावर सैल.

काठावर परतताना माझ्या होडीत माझ्याशिवाय कुणीच नव्हतं. ती त्या केशरी होडीतच बसून राहिली आणि मी दोरीनं त्या दोघांना ओढत आणलं. लोक नंतर म्हणाले, मास्तर, तुम्ही वाचवलंत. मी मास्तर नाही आणि मी वाचवलंही नाही, पण मी दोन्हींपैकी काही दुरुस्त केलं नाही.

कप्तानानं होडी सरळ करून घेतली, बोचकं पुन्हा भरून आणलं आणि फेऱ्या सुरू राहिल्या. तो गेला तो पाण्यात नाही. दुपारी जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही. लोक म्हणाले, काय भाग्याचं मरण. मरणसुद्धा त्याला हेवा वाटावं असं मिळालं. दहाव्याला बायको इतकी रडली की माझ्या मनात आलं, मी गेल्यावर ही एवढी रडेल का? तिथं घाटावरही मी हेच मोजत होतो. मग लक्षात आलं की माझेही डोळे गळतायत. ते का, याच्या खोलात मी शिरलो नाही.

त्याची होडी त्याच्या जावयानं विकली. बायको पुन्हा एसटीनं ओझरला जाऊ लागली. माझ्या होडीकडं बघायचीसुद्धा नाही, आणि मीही विचारलं नाही. मग एक दिवस त्याच्या बायकोनं, वहिनींनी, रिक्षातून बोचकं आणलं. ‘होडी इकली तवा जावयाला म्हनलं, येवडं सोडून दे,’ त्या म्हणाल्या. ‘हे लई दिस सांगायचे, माज्या मागारी हे दाजीच्या होडीत जाऊ द्या. ताई रस्त्यानं नगं जायाला, बिबट्या हाय.’

मी ते तपासायला मुंबईला नेलं. एसटीत कंडक्टरनं विचारलं, काय आहे? मी म्हणालो, पाहुणा. परत आणून होडीत मागं डावीकडं उघड्यावर ठेवलं, दोरी पक्की बांधली, पट्टा एका हिसक्यात सुटेल असा लावला. संकष्टीच्या सकाळी बायको काठावर आली. होडीत उतरली, बसली, डोळे मिटले आणि मागं हात टाकला.

‘इतभर फुडं पायजे,’ ती म्हणाली.

मी वीतभर पुढं सरकवलं. पुन्हा डोळे, पुन्हा हात. पट्टा हाताला लागला. ‘चला,’ ती म्हणाली. आणि एवढ्या वर्षांनी ती माझ्या होडीतून पलीकडं आली, आणि मी तिला माहेरच्या काठावर सगळ्यांसमोर हात धरून उतरवलं. कुणी बघितलं नाही. सगळे बोचक्याकडं बघत होते. ‘कप्तानाचं हाय ना हे?’ म्हणून.

आता ती दर संकष्टीला येते. मध्यावर पोचलो, वारा जरा उचलला की डोळे मिटते आणि हात मागं नेते. मी सुकाणू धरून हाताच्या अंतरावर बसलेला असतो, तिचा हात माझ्या शेजारून बोचक्याकडं जातो आणि पट्ट्यावर विसावतो. मी समोर बघत राहतो.

गेल्या संकष्टीला मला राहवलं नाही. वारा उचलणार असं दिसताच मी हळूच सरकलो आणि बोचक्यावरच बसलो. तिनं डोळे मिटले. हात मागं आला आणि माझ्या गुडघ्यावर पडला. क्षणभर तिथंच राहिला. तिनं गुडघा जरा चाचपला, डोळे न उघडताच.

‘उठा,’ ती म्हणाली. ‘त्याच्यावर काय ठेवायचं नसतं.’

मी उठलो.